समोरच्या घरातलं विरजण

१८ जानेवारी, रविवार

समोरच्या घरापुढच्या पाटीवर लाल पट्टी चिकटवली. अनिकाला विचारलं, काय लिहिलंय गं? "सोल्ड, आजी. म्हणजे विकलं गेलं." तेवढं कळतं मला! चौथी पास आहे मी, आंधळी नाही.

म्हणजे जाणार शैलजाबाई. चँडलरला, तिकडे दूर उन्हाच्या गावाला. तिची सून कादंबरी नोकरीसाठी आधीच तिकडे गेलीय, आता मुलगा सिद्धेश आणि ही. शनिवारी ट्रक येणार. हे आश्लेषाने सांगितलं, माझ्या सुनेने. सांगताना माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंडावर काय दिसायचंय? मी लसूण सोलत होते. सोलत राहिले.

जाऊ दे की! वर्ष झालं, मी बोलत नाही तिच्याशी. चहाडखोर बाई!

मागच्या जानेवारीत आम्ही दोघी तळ्याकडे फिरायला गेलो होतो. बर्फ नव्हता, रस्ता नुसता ओला दिसत होता. ओला कसला, काच होती काच. माझा पाय सटकला आणि मी बसले. पडले नाही — बसले. जरा जोरात. तिने हात धरून उठवलं. मी म्हटलं, बाई, शंतनूला सांगायचं नाही, माझी शपथ आहे. "नाही सांगत," म्हणाली. आणि संध्याकाळी आमच्या दारात हजर! पुण्यात शाळेत शिकवत होती ना, पोरांची नावं हेडमास्तरांना सांगून सांगून जीभ सैल झालेली. "शंतनू, आईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

नेलं. फोटो काढले. खुब्याच्या हाडाला चीर आहे म्हणे, अजून चार दिवस चालले असते तर मोडलंच असतं. डॉक्टरला काय, एवढं मशीन घेतलंय म्हटल्यावर त्यात काहीतरी दिसायलाच पाहिजे.

तेव्हापासून दिवाळी झाली की होळीपर्यंत मी घरात बंद. "आई, एकटीने बाहेर पाऊल टाकायचं नाही." बार्शीला स्टँडसमोर खानावळ चालवली मी. एसटीचे ड्रायव्हर माझा आवाज ऐकून ताटातलं सगळं संपवायचे. आणि इथे मला मेलबॉक्सपर्यंत जायची बंदी!

तेव्हापासूनच ही वही. कुणाशी तरी बोलायला नको का?

१९ जानेवारी, सोमवार

डब्याच्या तळाशी तिळाचे दोन लाडू सापडले. तिचेच. संक्रांतीला अनिकाच्या हातून पाठवले होते. चांगले झालेत, मऊ. खाल्ले. बोलणार नाही.

२१ जानेवारी, बुधवार

वादळ येणार! टीव्हीवर कोट घातलेला माणूस नकाशापुढे नाचतोय. निळं, जांभळं, गुलाबी. आमचं हे अमेरिकेतलं डब्लिन गुलाबीत. गुलाबी म्हणजे सगळ्यात वाईट, असं अनिका म्हणाली.

इथल्या लोकांचं मला कळत नाही. बर्फ पडणार म्हटलं की ब्रेड, दूध आणि अंडी. जसं काही आठवडाभर हेच खायचा नवस केलाय. शंतनू ऑफिसातून येता येता दुकानात गेला तर फळ्या रिकाम्या. मग काय आणलं? मॅगी, कोथिंबिरीच्या चार जुड्या आणि पिस्ते.

"बाकी काही उरलंच नव्हतं, आई."

"मग हे कशाला आणलंस?"

"रिकाम्या हाताने कसं यायचं?"

एवढा शिकला, मोठ्या कंपनीत माणसं हाताखाली आहेत म्हणे. वादळात पिस्ते सोलत बसणार.

मला माझं पहिलं वर्ष आठवलं. अनिका झाली म्हणून आले होते. लख्ख ऊन पडलेलं बघून मी कपडे धुतले, मागच्या डेकवर — लाकडी ओटाच तो — दोरी बांधली आणि वाळत घातले. ऊन म्हटल्यावर ऊन! इथलं ऊन नुसतं दाखवायचं असतं हे कुणी सांगितलं होतं? थोड्या वेळाने गेले तर शंतनूच्या पँटी ताठ. वाजवल्या तर टणटण वाजतात. तशाच उचलून आणल्या आणि हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभ्या केल्या. शंतनू घरात आला, दिवा लावायच्या आधी बघतो तर दोन माणसं कमरेपासून वर गायब! काय ओरडला!

आणि सडा. त्याच आठवड्यात सकाळी उठून मी दारात सडा टाकला. दार म्हटलं की पाणी शिंपडायचं, हाताला सवय. रांगोळीची डबी घ्यायला आत गेले, तेवढ्यात टपालवाली आली. बाहेर येऊन बघते तर बाई माझ्या दारात लोटांगण घालून! पाकिटं सगळीकडे. मी उठवायला धावले — मीपण आडवी. दोघी खाली बसून हसतोय, ना तिला माझी भाषा, ना मला तिची. लागलं कुणालाच नाही. तरुण होतो.

त्या दिवशी शंतनूने शिकवलं, इथे दारात पाणी नाही, मीठ टाकायचं. मीठ! पोतंच आणून ठेवलं होतं गॅरेजमध्ये. मी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं. खारट आहे, पण भाजीत घालण्यासारखं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

आभाळ राखाडी. गुडघे ठणकतायत. टीव्हीवरच्या त्या कोटवाल्याच्या जागी माझे गुडघे बसवले तरी चालेल.

२३ जानेवारी, शुक्रवार

सुरू झालं. सकाळी नुसतं भुरभुर, दुपारी समोरचं घर दिसेना.

आश्लेषाची वेगळीच गंमत. रविवारी रथसप्तमी, मंडळाचं हळदीकुंकू. उसळ आमच्याकडे होती. पन्नास बायकांची उसळ! पातेलं फ्रीजमध्ये मावेना म्हणून तिने ते मागच्या डेकवर ठेवलं. थंडीत इथे सगळेच ठेवतात. बाहेरच एवढा मोठा फ्रीज असताना घरातला कशाला कोंबायचा? आणि दुपारी मेसेज आला, हळदीकुंकू कॅन्सल केलं.

"आई, उसळ आत आणायला हवी."

"आण की."

"कुठे आहे?"

बघितलं. डेक नाही, कठडा नाही, पातेलं नाही. सगळं एकसारखं पांढरं. शंतनू झाडूच्या दांड्याने टोचत फिरला. इथे टोच, तिथे टोच — टण्ण! कुंडी निघाली. पुन्हा टण्ण! कबाबची शेगडी. तिसऱ्यांदा पातेलं. वरचं झाकण उडालेलं, उसळीवर वीतभर बर्फ.

"आइस्क्रीम उसळ!" अनिका म्हणाली. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

समोर तिच्या खिडकीत दिवा होता. हे तिला सांगायला पाहिजे, असं तोंडात आलं होतं. वहीला सांगितलं.

२४ जानेवारी, शनिवार

वीज गेली. सकाळी चहा करायला उठले तर शेगडी गार. आमच्याकडे सगळं विजेवर. हॉलमधली गॅसची शेकोटी तेवढी चालू. तिच्यापुढे गाद्या घातल्या, सगळे तिथेच. शंतनू फोनकडे बघतो, फोन त्याच्याकडे बघतो. नेट नाही तर पोराला हातांचं काय करायचं कळेना. पिस्ते सोलायला बसवला. बघ, उपयोग झाला!

ट्रक आला नाही. कसा येणार? रस्ता कुठाय?

मोठं वादळ झालं होतं ते वर्ष आठवतंय. अनिका रांगत होती. वीज गेली, ही शेकोटी तेव्हा नव्हती, घरात तोंडातून वाफ निघत होती. पोरीला तीन स्वेटर घालून मी मांडीत घेऊन बसलेले. आणि दार वाजलं. दारात एक बाई. पुरुषी कोट, खाली नऊवारी नाही पण साडीच, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला मफलर. मला वाटलं कोण हा चौकीदार!

"मी शैलजा, समोरची. आमच्याकडे गॅस आहे. सगळे चला. आणि पीठ असेल तर घेऊन या."

ओळख ना देख! गेलो. वीज येईपर्यंत तिच्याकडेच होतो सगळे, एका खोलीत. ती भाकरी थापायला बसली. बघवेना मला.

"बाई, ही भाकरी आहे का नकाशा?"

"नकाशाच आहे. भूगोल शिकवायचे मी. बघा, श्रीलंकासुद्धा आलीय."

खरंच आली होती. खाली लोंबत. मी तिला बाजूला सारलं आणि भाकऱ्या केल्या. निघताना तिला माझं विरजण दिलं. बार्शीहून येताना पांढऱ्या रुमालाला दही फासून, वाळवून, घडी करून आणलं होतं. विमानतळावरच्या माणसाने उलगडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्याला वाटलं असेल, म्हातारी मळका रुमाल जपतेय. इथे कोमट दुधात बुडवला — सकाळी दही! तेच विरजण इतकी वर्षं चाललंय आमच्या घरात. मी मागायला आलेल्या प्रत्येकीला दिलं. सगळ्या मंडळात माझंच दही.

तिने काय केलं त्या विरजणाचं, कोण जाणे. पुण्याची बाई, चक्का बांधून श्रीखंड करत असेल.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी उसळ. दुपारी उसळ. शंतनूने गॅरेजचं दार उघडं टाकून तिथे कॅम्पिंगच्या छोट्या शेगडीवर गरम केली. पन्नास बायकांची उसळ चौघांनी खायची! गार घरात मटार बंदुकीच्या गोळ्यांसारखे लागतात.

अनिकाने फ्रीजमधलं उरलंसुरलं दही साखर घालून संपवलं. वाटी चाटूनपुसून. मी ओरडले तर म्हणते, "आजी, इट वॉज द ओन्ली थिंग नॉट उसळ!"

मी ओरडले कारण तेच विरजण होतं. शुक्रवारी ओव्हनमध्ये दिवा लावून त्याच्या उबेला नवीन दही लावलं होतं, ते वीज गेल्यावर तसंच राहिलं. काढून बघितलं — दूध ते दूधच, वर चोथा. वास बिघडलेला.

विरजण गेलं.

संध्याकाळी वीज आली. सगळे ओरडले. शंतनू वाय-फायकडे धावला, मी ओव्हनकडे. दिवा लागला होता, त्याचा काय उपयोग?

२६ जानेवारी, सोमवार

फोन केले. ज्यांना ज्यांना विरजण दिलं होतं त्या सगळ्यांना.

एक म्हणाली, "काकू, आम्ही आता ग्रीक योगर्टच आणतो. प्रोटीन असतं त्यात."

दुसरी म्हणाली, "काकू, खरं सांगू? तुमचं विरजण मागच्याच्या मागच्या वर्षी मेलं. सांगायची लाज वाटली."

तिसरीने फोन उचलून "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवला. मी काय तिला पगार मागणार होते?

आश्लेषाने दुकानातलं दही आणून लावून दिलं. बिचारी मनापासून करते. चमचा वर उचलला तर तार निघाली. डिंक लाडवात घालतात, दह्यात नाही.

"आई, समोर विचारू का?"

"खबरदार!"

"त्यांचं सामान शनिवारी जाणार आता. ट्रकची नवी तारीख मिळाली."

"मग जाऊ दे. मी काय ट्रकापुढे आडवी पडणार आहे?"

२७ जानेवारी, मंगळवार

गेले मी समोर!

असं झालं. विरजण मागायचं तर दिवेलागणीच्या आत मागावं. अंधार पडल्यावर विरजण कुणी देत नाही, आणि मागणारीने मागूही नये. इथे मेलं दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार. म्हणजे जायचं तर दुपारीच. शंतनू वर मीटिंगमध्ये, आश्लेषा खाली मीटिंगमध्ये, दोघांच्या कानाला ती बोंडं. अनिकाचे जांभळे बूट पायात घातले, तिचे पाय एव्हाना माझ्याएवढे. स्टीलची वाटी घेतली. झाडूचा दांडा घेतला. गॅरेजमधून बाहेर.

आहाहा! थंडी नाकात सुई घालते, पण मोकळी थंडी. घरातली नाही.

रस्ता साफ होता. पण बर्फ काढणाऱ्या गाडीने सगळा बर्फ कडेला ढकलून तिच्या दारापुढे बांध घातलेला, शेताला घालतात तसा. मी म्हटलं, चढून जाऊ. एक पाय ठेवला तो मांडीपर्यंत आत. दुसरा टाकला, तोही. वाटी उडाली कुठेतरी. उभी मी बर्फात, बुजगावण्यासारखी.

समोरचं दार उघडलं.

"सुमित्राबाई! तिथेच थांबा! हलू नका!"

"थांबू नाहीतर काय करू? पाय निघत नाहीये!"

वर्षाने बोललो ते हे.

ती तोच पुरुषी कोट घालून, फावडं घेऊन आली. खणायला लागली.

"कुठे निघालात?"

"तुमच्याकडे. विरजण द्या."

"वर्षभर तोंड फिरवलंत आणि आता विरजण द्या?"

"माझंच आहे ते. तुम्ही नुसतं सांभाळलंय."

"सांभाळलं ना पण? बाकी कुणी सांभाळलं? तुमच्या खुब्यासारखं नाही मी वाऱ्यावर सोड—"

आणि थांबली. शब्द अर्धाच. फावडं हातातून गळालं आणि ती खाली आली. दोरीवरची साडी घसरते ना, तशी. आवाज नाही, काही नाही. मी हाका मारतेय, पाय आत अडकलेले, हात पोचत नाही तिच्यापर्यंत. दांड्याने ढोसलं शेवटी!

डोळे उघडले. "काय झालं?"

"तुम्ही पडलात."

"घसरले."

घसरली नाही. मी बघत होते. पाय जागेवर होते, माणूसच गेलं होतं कुठेतरी. चेहरा त्या बर्फासारखा.

उठली, उरलेलं खणलं, मला काढलं. दोघी एकमेकींना धरून आत गेलो. कोण कुणाला धरत होतं, काय माहीत. चहा केला. घरभर खोकी. आलं किसता किसता म्हणाली,

"सिद्धेशला सांगायचं नाही. तुम्हाला शपथ आहे."

"शपथ घालताय? तुम्ही? मला?"

हसली. "हो. तुम्हाला पाळता येते. मला नाही आली."

विरजण दिलं. घट्ट, कवडीसारखं. तिच्याच वाटीत, तिचं नाव कोरलेल्या. माझी वाटी आता मार्चमध्ये सापडेल.

२८ जानेवारी, बुधवार

दही लागलं! वाटी उलटी केली तरी पडेना.

सगळ्यांना कळलं म्हणा. अंगणात माझ्या पावलांचे खड्डे, आणि "आजी, हू वोअर माय बूट्स?" शंतनू ओरडला. खूप ओरडला. मी त्याला दहीभात वाढला. बोलत बोलत दोनदा घेतला.

फोनवर बोललो दोघी. फोन गरम झाला. उसळीची गोष्ट सांगितली. वर्षभराचं सगळं सांगितलं. ती चँडलरचं सांगत होती. तिथे जानेवारीत बायका अंगणात बसून चहा पितात म्हणे. परसात संत्र्याची झाडं. सगळे कोट वाटून टाकले तिने, तो एक पुरुषी तेवढा ठेवलाय. "पहिल्या बर्फात माझं सगळं शरीर म्हणालं होतं, इथून चल. तेव्हापासून वाट बघतेय," म्हणाली. "आता एक कण नको मला." रविवारी विमान. सिद्धेश गाडी चालवत जाणार, दोन दिवसांचा रस्ता तिच्या कमरेला झेपायचा नाही. म्हणून ही एकटी. मध्ये कुठेतरी विमान बदलायचं.

मी म्हटलं, संत्री पाठवा.

२९ जानेवारी, गुरुवार

आज रीतसर गेले, शंतनूने हात धरून सोडलं. लग्नाची नवरी निघाल्यासारखं. सिद्धेश कामावर गेलेला. कपबशा कागदात गुंडाळत बसलो.

"या बशीला कान नाही," मी म्हटलं.

"बशीला कान नसतो, सुमित्राबाई. कपाला अस—"

पुन्हा! हात कपावर तसाच, डोळे वर. मी खोकं लाथेने सरकवलं आणि तिला धरून त्यावर बसवलं. कप फुटला. थोड्या वेळात आली परत. घाम.

"कितव्यांदा?"

"मोजत नाही मी."

"भूगोलच शिकवलात का नुसता? गणित?"

पदराने घाम पुसला. मग म्हणाली, दिवाळीपासून होतंय. डॉक्टरला दाखवलं तर तो विमान बंद करणार, तपासण्या लावणार, तारखा देणार. "मग हा हिवाळा इथे, कदाचित पुढचाही. चँडलरला पोचले की पहिल्या दिवशी दाखवते. शपथ आहे ना तुम्हाला?"

मी फुटलेला कप गोळा केला.

३० जानेवारी, शुक्रवार

कढी केली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. मग अनिका म्हणाली, "आजी, सॉल्ट?" मीठच नव्हतं घातलं. दारातलं पोतं आणायचं का, असं शंतनू म्हणाला. मी हसले नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं.

नाही सांगितलं तर? ती त्या मधल्या विमानतळावर, हातात पिशवी, वाक्य अर्धं. तिथे कोण दांड्याने ढोसणार?

आणि सांगितलं तर जाणं लांबणार. ती म्हणेल, मला अडकवून ठेवायला केलंत. मग मी काय उत्तर देऊ? बर्फातून वाटी घेऊन गेले ते काय नुसत्या दह्यासाठी? वर्षाने कुणीतरी बोलायला मिळालं. ती गेली की पुन्हा ही वही. ती राहावी असं मला वाटतंच की. वाटतं म्हणून सांगू नये, का वाटलं तरी सांगावं?

चौथीपर्यंत असलं काही शिकवलं नव्हतं.

तेव्हा मागच्या वर्षी ती आमच्या दारात उभी होती. मफलर, बूट. शंतनूशी बोलत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं होतं, फार सोपं गेलं तिला.

३१ जानेवारी, शनिवार

ट्रक आला. पलंग गेला, टेबल गेलं, खोकी चाललीत. ती दारात उभी राहून माणसांना सांगतेय, हे आडवं ठेवा, ते उभं ठेवा. मला हात केला. मीपण केला.

बूट कुठे ठेवले अनिकाने?

३ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. शनिवारीच, ट्रकच्या मागे उभी राहून, सिद्धेशला. तो तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेला. हृदय मध्येच थांबत होतं म्हणे. काल छातीत यंत्र बसवलं. विमान गेलं, ती राहिली.

मी घरी येऊन खिडकीत उभी होते, गाडीत बसताना माझ्याकडे बघून ओरडली. काच बंद होती, ऐकू आलं नाही. शब्द ओठांवरून कळला — चहाडखोर! माझाच होता.

उद्या सोडणार. घर विकलेलं, पलंग चँडलरच्या वाटेवर. शंतनू म्हणाला, बरं वाटेपर्यंत आपल्याकडे आणू. माझ्या खोलीत दुसरी गादी घातली.

माझ्याशी बोलणार नाही ती. वर्षभर नाही बोलली तरी चालेल. वर्षभर असली म्हणजे झालं.